पाच महिन्यांचे अंतर: अनुदानाचा टप्पा, पेन्शनची तारीख आणि एक निवृत्त शिक्षक

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातील एका खासगी माध्यमिक शाळेच्या शिक्षकाचे आहे. नाव, गाव आणि संस्था दिलेली नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा ठोकळ केल्या आहेत.

सर बी.एस्सी., बी.एड. होते आणि गणित-विज्ञान शिकवत. जून १९९६ मध्ये रीतसर नेमणूक झाली, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यताही मिळाली. शाळा मात्र तेव्हा विनाअनुदानित होती. सुरुवातीची सहा वर्षे संस्था जमेल तेवढे मानधन देई, दिवाळीला थोडे जास्त, उन्हाळ्यात काहीच नाही. २००२-०३ पासून वेतन अनुदान टप्प्याने सुरू झाले. पहिल्या वर्षी २० टक्के मिळाले, मग ४०, मग ६०. २००५-०६ मध्ये शाळा ८० टक्क्यांवर होती. १ एप्रिल २००६ पासून ती १०० टक्के अनुदानावर आली.

मधल्या काळात राज्याच्या वित्त विभागाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू झाली. तीत ठरलेल्या पेन्शनऐवजी पगारातली कपात आणि शासनाचा हिस्सा खात्यात साठतो. शिक्षकांच्या तोंडी ती डीसीपीएस, आणि पुढे एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना). सर त्या तारखेला नऊ वर्षे जुने होते, त्यामुळे आपला या योजनेशी संबंध नाही असे त्यांनी गृहीत धरले. २००३ मध्ये भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडले होते आणि त्यात कपातही नियमित होत होती. काळजीचे कारण दिसत नव्हते.

नेमकी अडचण

२९ नोव्हेंबर २०१० च्या शालेय शिक्षण विभागाच्या निर्णयाने चित्र बदलले. शिक्षक कधी लागला याऐवजी १ नोव्हेंबर २००५ रोजी त्याची शाळा १०० टक्के अनुदानावर होती का, हा निकष झाला. नसेल तर नेमणूक कितीही जुनी असली तरी डीसीपीएस. सरांची शाळा त्या दिवशी ८० टक्क्यांवर होती. शेवटचा टप्पा पाच महिन्यांनी मिळाला म्हणून पेन्शन गेली.

येथे कारण आणि परिणाम नीट ओळखले पाहिजेत. अनुदानाचा टप्पा शिक्षक ठरवत नाही. शाळा तपासली जाते, प्रस्ताव जिल्ह्यातून वर जातो, तरतूद झाली की आदेश निघतो. यातला उशीर शासनाच्या तिजोरीचा किंवा शासनाच्या फायलीचा. आधी त्या उशिराची किंमत शिक्षकाने अर्ध्या पगाराने मोजली आणि मग तोच उशीर त्याच्या म्हातारपणाच्या हिशेबात दुसऱ्यांदा धरला गेला.

स्टाफरूममध्ये याचे रूप असे होते. मुख्याध्यापक एका जुन्या अनुदानित शाळेतून आलेले, त्यांना जुनी पेन्शन. सरांना एनपीएस. नंतर वाढलेल्या तुकडीवरच्या बाई अंशतः अनुदानावर. २००१ मध्ये आलेल्या 'कायम विनाअनुदानित' (अनुदान कधीच मागायचे नाही या अटीच्या) धोरणात ती तुकडी सापडली होती. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण पहिले २० टक्के यायला २०१६ उजाडले. त्यांच्या पगारातून कपात होई, शासनाचा हिस्सा कुठे जमा होतो ते कळत नसे. चौथा होता शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षे ठरावीक मानधनावर असलेला शिक्षक, फेब्रुवारी २०२३ च्या वाढीआधी माध्यमिकला महिना ८ हजारांवर काम करणारा. चौघेही एकाच फळ्यासमोर, एकाच वेळापत्रकात शिकवत.

सरांचे म्हणणे

निवृत्तीच्या आसपास गावात त्यांना वारंवार ऐकावे लागे की शाळेचे छप्पर गळते आणि मास्तर पेन्शन मागतात. सर चिडत नसत. ते दोन हिशेब मांडत.

पहिला हिशेब शाळेचा. खासगी अनुदानित शाळेला मिळणारा पैसा जवळजवळ सगळा वेतनाचा असतो. खडू, वीजबिल, प्रयोगशाळेतले रसायन, स्वच्छतागृहाची दुरुस्ती यासाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते आणि वेळेवर येत नाही. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेची गत वेगळी नाही. समग्र शिक्षा अभियानात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. महिन्याला ८३३ रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी ठेवायचा. उरलेल्यात वीजबिल भरले की रजिस्टर आणि खडूलाच पैसे पुरत नाहीत, छप्पर तर दूरच. सरांचा मुद्दा असा की पेन्शन बंद करून वाचलेला पैसा या रकमेत आलेला कधी दिसला नाही. शिक्षकाचे निवृत्तिवेतन गेले आणि शाळेचे छप्परही गळतच राहिले.

दुसरा हिशेब राज्याचा, आणि तो ते प्रामाणिकपणे मांडत. जुनी पेन्शन सरसकट लागू केली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असे देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात सांगितले होते. सर हा आकडा उडवून लावत नसत. जुन्या पेन्शनसाठी वेगळा निधी साठवलेला नसतो, ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते, त्यामुळे भार खराच आहे. मात्र आपला प्रश्न त्या आकड्यातला नाही, असे त्यांचे म्हणणे. २००५ आधी लागलेल्यांची संख्या ठरलेली आहे, ती वाढणार नाही, वर्षागणिक कमीच होणार. नव्यांसाठी कोणती योजना असावी हा धोरणाचा वाद आहे. जुन्यांना मागच्या तारखेने नव्यांत ढकलणे हा दिलेला शब्द मोडणे आहे. दोन्ही मागण्या एकाच घोषणेत बांधल्या गेल्याने आपली बाजू झाकली गेली, हे त्यांचे मत आम्हाला पटते.

पहिले वळण: २०११ चा अर्ज

शाळेत डीसीपीएस खाते उघडण्याचे अर्ज आले. निधीची कपात थांबवायची, नवी सुरू करायची. तीन वाटा होत्या. सही न करणे, निमूट सही करणे, किंवा हरकत नोंदवून सही करणे. सही न करणाऱ्यांचा पगार अडेल असे वेतन पथकाकडून (शाळांची पगारबिले पाहणारे शासकीय कार्यालय) तोंडी सांगितले जात होते. घरात दोन मुले शिकत होती. सरांनी सही केली आणि हरकत नोंदवली नाही.

पुढच्या बारा वर्षांवर याचा परिणाम झाला. अर्जातल्या छापील मजकुरात योजना मान्य असल्याचे वाक्य होते. नंतर दाव्याच्या वेळी समोरून तेच वाक्य दाखवले गेले. आवक क्रमांक घेतलेले चार ओळींचे पत्र त्या दिवशी जोडले असते तर पगारही अडला नसता आणि संमती बिनशर्त ठरली नसती.

दुसरे वळण: २०२० ते मार्च २०२३

१० जुलै २०२० रोजी शासनाने खासगी शाळा सेवाशर्ती नियमावलीत बदल करणारा मसुदा प्रसिद्ध केला. १९८१ च्या या नियमांतील 'अनुदानित शाळा' या शब्दांचा अर्थ मागच्या तारखेपासून '१०० टक्के अनुदानित' असा करण्याचा त्यात प्रयत्न होता. याचा सरळ अर्थ असा की मूळ नियमात 'अनुदानित' एवढेच होते आणि अंशतः अनुदानित शाळेला त्यातून वगळलेले नव्हते. नाहीतर दुरुस्तीची गरजच नव्हती. सरांनी हरकत पाठवली, टपालाची पोच जपली. हरकतींचा पाऊस पडल्यावर मसुदा मागे घेण्यात आला. सरांच्या फायलीतला हा सर्वांत उपयोगी कागद ठरला.

३० जानेवारी २०२३ रोजी नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली. जुनी पेन्शन हाच मुख्य मुद्दा होता. भाजपचा पाठिंबा असलेले विद्यमान आमदार नागो गाणार पराभूत झाले, सुधाकर अडबाले निवडून आले. सरांचे या मतदारसंघातले हे शेवटचे मतदान ठरणार होते. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा वरच्या स्तरावर शिकवलेले असेल तरच नाव यादीत राहते. निवृत्तीनंतर साधारण तीन वर्षांत शिक्षक मतदार राहत नाही. पेन्शनचा खरा चटका ज्याला बसतो, त्याच्या हातून नेमके तेव्हाच मत जाते. निवृत्तांच्या तक्रारी मागे का पडतात, याचे एक साधे कारण इथे आहे.

१४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप सुरू झाला आणि २० मार्चला मागे घेतला गेला. सर अडीच महिन्यांनी निवृत्त होणार होते. दहावीची परीक्षा चालू होती. संपात पूर्ण उतरावे तर सेवापुस्तकात ते दिवस कसे नोंदले जातील याची धास्ती होती, बाहेर राहावे तर सहकाऱ्यांना तोंड दाखवणे अवघड. त्यांनी परीक्षा केंद्रावरचे काम सोडले नाही आणि पेपर संपल्यावर रोज तहसीलसमोरच्या मंडपात जाऊन बसले. आमच्या मते निर्णय योग्य होता. निवृत्तीच्या तोंडावर सेवेत खंड दिसेल अशी एकही नोंद परवडत नाही.

निवृत्तीच्या दिवशीचे आकडे

३१ मे २०२३ रोजी मूळ वेतन सुमारे ६६ हजार होते. महागाई भत्ता १ जानेवारी २०२३ पासून ४२ टक्के.

जुनी पेन्शन असती तर मूळ निवृत्तिवेतन ३३ हजार, त्यावर महागाई वाढ १३,८६०, एकूण महिना ४६,८६० रुपये मिळाले असते. पुढे प्रत्येक महागाई वाढीबरोबर आणि वेतन आयोगाबरोबर ते वाढले असते. पत्नीला मागे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ १९,८०० आणि त्यावर महागाई वाढ.

एनपीएसमध्ये खात्यावर सुमारे २२ लाख होते. नियमाने किमान ४० टक्के, म्हणजे ८ लाख ८० हजारांची वार्षिकी (विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारे ठरावीक उत्पन्न) घ्यावीच लागते. मूळ रक्कम वारसाला परत मिळणारा पर्याय साडेसहा टक्क्यांच्या आसपास धरला तर महिना सुमारे ४,७६७ रुपये. उरलेले १३ लाख २० हजार हातात येतात. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर तिमाहीला २७,०६०, म्हणजे महिन्याला ९,०२०. दोन्ही मिळून १३,७८७.

तुलना करताना नेहमी एक चूक होते. फक्त वार्षिकीचा आकडा घेऊन 'पावणेपाच हजार पेन्शन' म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे, कारण मुद्दल हातात असते. पण मुद्दल धरूनही उत्पन्न जुन्या पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे आणि ते जागचे हलत नाही. दहा वर्षांनीही वार्षिकी ४,७६७ च राहील.

उपदानाचाही (ग्रॅच्युइटीचाही) प्रश्न होता. पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला पाव महिन्याचे वेतन या हिशेबात सेवा १९९६ पासून धरली तर ५४ सहामाही, म्हणजे साडेतेरा महिन्यांचे वेतन. १ एप्रिल २००६ पासून धरली तर ३४, म्हणजे साडेआठ महिन्यांचे. एनपीएसवाल्यांना उपदान देण्याचा वित्त विभागाचा निर्णय ३१ मार्च २०२३ चा आहे. मात्र असे निर्णय खासगी अनुदानित शाळांना आपोआप लागू होत नाहीत, शालेय शिक्षण विभागाचा स्वतंत्र आदेश लागतो. हे माहीत नसल्याने अनेक जण वित्त विभागाची प्रत घेऊन वेतन पथकात जातात आणि परत येतात.

समोरचे पर्याय

एक, एनपीएसची रक्कम घेऊन विषय संपवणे. पैसा लवकर मिळतो, दावा जवळपास सोडल्यासारखा होतो.

दोन, रक्कम न उचलता न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबणे. एनपीएसमध्ये रक्कम आणि वार्षिकी पुढे ढकलता येते. संघटनेतल्या काहींचा सल्ला हाच होता, कारण रक्कम घेतली की योजना मान्य केली असा अर्थ निघेल. पण जून २०२३ पासून घरात पगार नव्हता आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला. निकालाची तारीख कोणाच्याच हाती नव्हती.

तीन, हक्क राखून रक्कम स्वीकारणे आणि समदुःखी शिक्षकांच्या याचिकेत सामील होणे.

सरांनी तिसरा पर्याय घेतला. वेतन पथकाला, शिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना एकाच मजकुराचे पत्र दिले. त्यातले मुख्य वाक्य असे होते: 'ही रक्कम मी १९८२ च्या नियमांनुसार निवृत्तिवेतनाचा माझा दावा अबाधित ठेवून स्वीकारत आहे, दावा मान्य झाल्यास नियमानुसार समायोजनास तयार आहे.' दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. दोन्ही लाभ घ्यायचे नाहीत हे स्वतःहून लिहिले की समोरचा मुख्य आक्षेप उरत नाही.

कागद जमवताना

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मूळ सेवापुस्तकात १९९६ ते २००२ ची पडताळणीच नव्हती. अनुदानाचे वर्षवार आदेश संस्थेकडे सापडले नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करायचे ठरले. पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण त्यात चार विषय एकत्र होते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मग अर्ज वेगळे केले. एक अनुदान आदेशांसाठी, एक वैयक्तिक मान्यतेच्या प्रतीसाठी, एक २०११ पासूनच्या कपातीच्या महिनावार तपशिलासाठी. प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत दोन उत्तरे आली, तिसऱ्यासाठी प्रथम अपील करावे लागले.

तिसऱ्या उत्तरातून गंभीर गोष्ट कळली. २९ महिन्यांची कपात पगारपत्रकात होती, पण एनपीएस खात्यावर तिची नोंदच नव्हती. डीसीपीएसची जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवताना हे महिने गळाले होते. पगारबिलाच्या प्रती आणि बँकेचा उतारा जोडून पाठपुरावा केल्यावर १९ महिन्यांची रक्कम शासनाच्या हिश्श्यासह जमा झाली. १० महिन्यांची बिले वेतन पथकातच मिळाली नाहीत.

शिवाय किरकोळ दिसणारे अडथळे होते. सेवापुस्तकात वडिलांचे नाव पूर्ण, बँकेत फक्त आद्याक्षर. नामनिर्देशनात वारलेल्या आईचे नाव. प्रत्येकाने एक-दोन आठवडे खाल्ले.

निष्पत्ती

रक्कम जानेवारी २०२४ मध्ये हाती आली. निवृत्तीनंतरचे जवळजवळ आठ महिने घर जुन्या भविष्य निर्वाह निधीच्या शिलकीवर चालले. २०११ मध्ये बंद पडलेल्या त्या खात्याचाच शेवटी आधार झाला.

१३ लाख २० हजार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. सर साठ वर्षांचे नव्हते, पण नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही हे खाते उघडता येते. अट अशी की लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचे आणि शाळेचे प्रमाणपत्र जोडायचे. ते प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी आधीच करून ठेवले होते.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला की पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर नंतर रुजू झालेल्यांनाही जुन्या पेन्शनचा पर्याय देता येईल. गावातल्या लोकांनी सरांचे अभिनंदन केले. त्यांना समजावून सांगावे लागले की हे आपल्याला लागू नाही. त्या तारखेनंतर रुजू झालेल्यालाही जाहिरात जुनी म्हणून पेन्शन मिळते, आणि नऊ वर्षे आधी रुजू झालेल्याला शाळेचा टप्पा अपुरा म्हणून नाही. उशीर शासनाचा असेल तर त्याचा भार कर्मचाऱ्यावर टाकायचा नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले आहे. तेच तत्त्व अनुदानाच्या टप्प्याला लावावे, एवढीच मागणी सरांनी नंतरच्या निवेदनात केली. याचिका प्रलंबित आहे.

वेगळे काय करता आले असते

२०११ मध्ये हरकतीचे पत्र, हे वर आलेच.

एनपीएसचे विवरण सरांनी निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिले. दरवर्षी एप्रिलमध्ये पगारपत्रकाशी जुळवले असते तर गळालेले महिने तेव्हाच सापडले असते, बिलेही पथकात असती. दहा वर्षांनी कोणी जुने बंडल उघडून देत नाही.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत शिक्षकाकडे असायला हवी आणि तीत दरवर्षी पडताळणीचा शिक्का हवा. निवृत्तीची कागदपत्रे किमान दीड वर्ष आधी काढायला हवी होती. सरांनी चार महिने आधी काढली.

याचिकेत सामील व्हायला ते २०२१ पासून कचरत होते. वकिलाची फी प्रत्येकी विभागून फार नव्हती. कार्यरत असताना शासनाविरुद्ध जाऊ नये ही भीती होती. दाव्याला लागलेला उशीर पुढे थकबाकीच्या कालावधीवर परिणाम करू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

संघटनेकडूनही एक गोष्ट राहिली. टप्पा अनुदानावरच्या जुन्या शिक्षकांची शाळावार यादी, म्हणजे नेमणुकीची तारीख, मान्यता क्रमांक, १ नोव्हेंबर २००५ ची टक्केवारी आणि १०० टक्क्यांची तारीख, तालुका पातळीवर कधी तयार झाली नाही. ती असती तर एकूण भार किती हा प्रश्न विचारला गेल्यावर ठोस आकडा पुढे ठेवता आला असता.

तुकडीवरच्या बाई अजून सेवेत आहेत. सरांनी त्यांना एका वहीत सहा रकाने आखून दिले: महिना, मूळ वेतन, महागाई भत्ता, स्वतःची कपात, शासनाचा हिस्सा, खात्यात जमा झाल्याची तारीख. पहिले चार रकाने त्या दर महिन्याला भरतात. शेवटच्या दोनांसाठी त्यांचा पहिला लेखी अर्ज वेतन पथकात गेला आहे आणि त्याची पोच वहीच्या आत डकवलेली आहे.